भोजनशाळेतून थेट मांगीवर

2016 च्या फेब्रुवारीत मांगीतुंगीला ऋषभदेवांच्या 108 फुटी मूर्तीचा पंचकल्याणक महोत्सव होता. उरणहून मी गेले ती भोजनशाळेत सेवेला. "सेवा हीच माझी वंदना," असं मी नेहमी म्हणायचे. खरं तर चढायची भीती होती. पोळ्या लाटताना शेजारची म्हणाली, "ताई, पहाटे वर येता?" तोंडातून "येते" निघून गेलं!

णमोकार म्हणत हजारो पायऱ्या चढून मांगी गाठली. तुंगी समोर दिसत होती, पण गुडघे थरथरू लागले. तिला तिथूनच हात जोडले. डोळे भरून आले.

खाली येऊन पुन्हा पोळपाट घेतला. सेवा तीच, पण आता तिच्याआड लपत नव्हते.

जय जिनेंद्र.