चिखलीत दुरुस्त होणारा मांडव

शहरासाठी सार्वजनिक मांडव करायचा म्हटलं की आजकाल पहिली मागणी येते पडद्याची. हात लावला की चित्र बदलावं, जवळ गेलं की दिवे लागावेत. लोकांनी नुसतं बघू नये, काहीतरी करावं, हा त्यामागचा हेतू मला पटतो. पण चिखलीसाठी आराखडा काढताना मी एक अट आधी लिहिते: लोकांच्या हाताने जे चालेल, ते त्याच वस्तीतल्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त व्हायला हवं.

चिखली 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. 2001 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात होती, 2011 मध्ये ती 17 लाख 27 हजारांवर गेली. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून माणसं आली, उत्तर प्रदेश-बिहारमधूनही आली. फर्स्ट शिफ्टची माणसं कंपनीच्या बसची वाट बघत उभी असतात, तेव्हा नाइटवाले घरी परतत असतात. या सगळ्यांना एका छपराखाली आणायचं तर सूचना कुठल्या भाषेत लिहायच्या? मला वाटतं, सूचना लागूच नयेत.

2016 साली मेलबर्नच्या क्वीन व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये बिजोय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने बांबूचा मांडव उभारला. 7 किलोमीटर बांबू, 26 किलोमीटर दोर आणि छताला भारतीय कारागिरांनी विणलेले कारवीचे तट्टे. कारवी म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या कुडाच्या भिंतींची काडी. विणणाऱ्या हातांची आणि काडीची ओळख पिढ्यांची होती, म्हणून तो मांडव मला फार जवळचा वाटतो. पण चिखलीत कारवी आणली तर ती नक्कल होईल. इथल्या हातांची ओळख लोखंडाशी आहे. लेथ, वेल्डिंग, पावडर कोटिंग सगळं हाकेच्या अंतरावर. चिखलीतल्याच कुदळवाडीतली भंगाराची गोदामं 2025 च्या फेब्रुवारीत मोठ्या प्रमाणावर पाडली गेली, तरी नुसत्या आवाजावरून धातू ओळखणारी माणसं या भागात आहेत.

आणि गावाचं जुनं नाव टाळगाव चिखली. तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर त्यांचे टाळ इथे पडले, असं गावात सांगतात. महापालिकेचं संतपीठही इथेच झालं. म्हणून माझ्या आराखड्यात खांबांच्या मधोमध धातूच्या नळ्या टांगलेल्या आहेत.

नळी वाजते तेव्हा दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण 22 टक्क्यांवरचे बिंदू जवळजवळ स्थिर राहतात. तिथेच टांगली तर नाद लांबतो, भलतीकडे टांगली तर आवाज ठक् करून विझतो. जाडी आणि व्यास तेच ठेवून लांबी निम्मी केली तर सूर दोन सप्तकं चढतो. म्हणून 1 मीटरच्या नळीचा वरचा षड्ज सुमारे 71 सेंटिमीटरवर सापडतो. हे गणित कुठल्याही फॅब्रिकेटरला टेप आणि करवत घेऊन पडताळता येतं.

खरा पेच आवाजाचा आहे. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी शेजारच्या खोलीत झोपलेला असतो. म्हणून हातोडा सुटा ठेवायचा नाही. लोलकासारखा टांगलेला लाकडी ठोकळा ठरावीक उंचीपर्यंतच मागे नेता येईल आणि सोडला की स्वतःच्या वजनाने आदळेल. पोराने सोडला काय किंवा पहिलवानाने, ठोका तेवढाच पडेल. संध्याकाळी भजनी मंडळ बसणार असेल तर ठोकळे साखळीने अडकवून ठेवता येतील.

बाकी मांडव साधा. वरचा पत्रा तापतो, म्हणून त्याखाली दुसरा थर आणि मधून वारा जायला जागा. पश्चिमेकडून पावसाची झड येते, त्या बाजूला छप्पर खाली ओढलेलं. ओटे दोन उंचीचे: एक बाळाला घेऊन बसणाऱ्या बाईसाठी, दुसरा मांडी घालून डबा सोडणाऱ्यासाठी. पिण्याचं पाणी आणि रात्रभर उजेड हवाच, नाहीतर सेकंड शिफ्टवरून येणाऱ्या मुली तिथे थांबणार नाहीत.

प्रत्येक नळीची लांबी, व्यास, जाडी, भोकाचं अंतर आणि बोल्टचं माप शेजारच्या खांबावर आकृतीसह कोरलेलं असावं, असं मी टेंडरच्या मसुद्यात लिहिते. नळी तुटली किंवा चोरीला गेली, तर ते माप टिपून कुणीही नवी करून आणावी आणि वॉर्ड ऑफिसने तिचं बिल मंजूर करावं, एवढी तरतूद देखभालीच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरलेली हवी.