एका ऋण उत्तराची गोष्ट

शिक्षकाची चूक विद्यार्थ्याच्या माथीं मारणें फार सोपें असतें. तसें एकदां माझ्या हातून घडलें. तें येथें मोकळेपणानें सांगतों.

संगणकाच्या तासाला मी मुलांस पायथन ही भाषा शिकवितों. प्रोग्राम लिहितांना इतरांनीं आधींच सिद्ध करून ठेविलेल्या कृतींचा जो संग्रह हाताशीं घेतात, त्यास लायब्ररी म्हणतात. तिचे ढोबळ मानानें दोन प्रकार आहेत. एक सर्वस्वीं पायथनमध्येंच लिहिलेली. दुसरीचा गाभा सी भाषेंत रचून पायथनला जोडलेला. मोठ्या आकडेमोडींत दुसरी पुष्कळच वेगवान ठरते. २००६ सालीं जिची १.० ही आवृत्ति प्रसिद्ध झाली, ती नम्पाय या दुसऱ्या प्रकारची होय.

वेगाच्या मोहानें मीं नवशिक्यांच्या हातीं प्रथमच नम्पाय दिली आणि १ ते २१ या संख्यांचा गुणाकार करावयास सांगितलें. सर्वांच्या आधीं एका मुलीचें उत्तर आलें: −४२४९२९००४९४१९२१४८४८.

“सर, सगळ्या संख्या धन आहेत, मग गुणाकार ऋण कसा?”

मीं नीट पाहिलेंहि नाहीं. “तूंच कांहींतरी चुकीचें लिहिलें असशील,” असें म्हणून मी पुढें गेलों. ती मान खालीं घालून बसली.

दुसऱ्या दिवशीं तिनें वही आणली. साध्या पायथनमध्यें एकेक गुणाकार करणाऱ्या चार ओळी तींत होत्या. उत्तर वीस अंकी, आणि धन! तेव्हां माझे डोळे उघडले. नम्पायच्या रांगेंत पूर्णांकास बहुधा ६४ बिटांचीच जागा असते. २० पर्यंतचा गुणाकार तींत मावतो. २१ पर्यंतचा मावत नाहीं, व कसलीहि सूचना न मिळतां भलतेंच उत्तर हातीं येतें. पायथनचा स्वतःचा पूर्णांक मात्र गरजेप्रमाणें वाढत जातो. ठराविक जागा हें नम्पायच्या वेगाचें एक कारण आहे. तो तिचा दोष नव्हे. दोष माझा होता. मीं वर्गासमक्ष त्या मुलीची क्षमा मागितली.

तेव्हांपासून मी आरंभ उघडून वाचतां येईल अशा कृतींनीं करितों. २०१४ पासून पायथनसोबत स्टॅटिस्टिक्स नांवाचा विभाग येतो. त्यांतील मध्यक काढण्याची कृति पायथनमध्येंच लिहिलेली आहे: संख्या क्रमानें लावा, त्या विषम असल्यास मधली घ्या, सम असल्यास मधल्या दोहोंची सरासरी घ्या. गणितांतील रीत मुलांस तेथें जशीच्या तशी भेटते, आणि “हें आम्हीहि लिहूं शकलों असतों” असें तीं म्हणतात. हा आत्मविश्वास वेगाहून मोलाचा आहे.

याचा अर्थ वेगवान साधन टाकावें असा नव्हे. लाखों आकड्यांचें काम पडलें कीं नम्पाय अवश्य घ्यावी. पण तिची मर्यादा जाणून घ्यावी, आणि लहानशा उदाहरणाचें उत्तर साध्या रीतीनें ताडून पाहावें. आपल्या सोलापुरांत चादरी यंत्रमागावर विणल्या जातात. परंतु धागा कोठें तुटला हें ज्यास दिसतें, त्याच्याच हातीं माग सोंपवितात.

विद्यार्थिमित्रहो, उत्तर विपरीत वाटलें तर यंत्रास भिऊं नका, आणि शिक्षकांसहि भिऊं नका. वही उघडा, चार ओळी लिहा, आणि पुन्हां विचारा.