छतावरच्या बागेचं सामान

लश्करमधल्या जुन्या घरांना मागे परसू नसतं. गल्लीला लागून दार, आत चौक, चौकाभोवती खोल्या आणि वर दगडी पटियांचं सपाट छत. दानाओळीतल्या आमच्या घरात माती म्हणायची ती तुळशीवृंदावनातली आणि सासूबाईंनी जुन्या बादल्यांत लावलेल्या जास्वंदीखालची. लग्न होऊन मी पुण्याहून ग्वाल्हेरला आले तेव्हा स्वयंपाकघरात काही गोष्टी अडू लागल्या. भाजीवाल्याकडे पालक, मेथी, बथुआ ढीगभर, पण आंबट चुका नाही. अळूची पानं पावसाळ्यात ‘अरवी के पत्ते’ म्हणून दिसायची तेवढीच. गवती चहा माहेरून येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून, सुकून यायचा. शिंद्यांच्या मागोमाग इथे आलेल्या मराठी घरांनी पुरणपोळी आणि गणपती निगुतीनं सांभाळले, पण चुक्याचं आणि दूर्वांचं जिचं तिनंच बघायचं. तेव्हा छतावर कुंड्या मांडायचं ठरलं.

बागेला काय काय लागतं याच्या याद्या पुष्कळ मिळतात. त्यातल्या बहुतेक पुण्या-मुंबईच्या हवेवर बेतलेल्या असतात. ग्वाल्हेरची तऱ्हा निराळी. मे-जूनमध्ये पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि दुपारभर लू वाहते. जानेवारीत दाट धुकं, रात्री बोटं आखडतील अशी थंडी. वर्षभरात साधारण 900 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जुलै-ऑगस्टमध्येच. या शहरात कोणती वस्तू गरजेची आणि कोणती शोभेची, हे दुकानदार ठरवत नाही, ऊन ठरवतं.

पण उन्हाच्याही आधी वजन. पहिला खर्च केला तो मिस्त्रीला वर नेऊन छत दाखवण्याचा. पटिया म्हणजे इथल्याच वालुकाश्माच्या लांब फरशा, भिंतींवर किंवा लोखंडी गर्डरवर टाकलेल्या. मिस्त्री म्हणाले, “बहूजी, दीवार के ऊपर जो चाहो रखो, बीच में मत रखना.” हिशेब सोपा आहे. 12 इंची कुंडी ओल्या मातीसकट 20-25 किलो भरते. 15 इंच रुंद आणि तितकीच उंच ग्रो-बॅग भिजली की 50 किलोच्या घरात जाते. अशा दहा पिशव्या फरशीच्या मध्यावर मांडल्या, तर तेवढी माणसं तिथे कायमची बसवल्यासारखं होतं. म्हणून आमची बाग चौकोनी नाही. भिंतींच्या रेषेवरून ती छताच्या कडेकडेनं फिरते. प्रत्येक कुंडीखाली विटांचे तीन तुकडे असतात, म्हणजे भोकातून पाणी मोकळं निघतं आणि फरशीच्या सांध्यात ओल मुरत नाही. हे तुकडे कुणाच्याही बांधकामापाशी फुकट मिळतात आणि कुठल्याच यादीत नसतात.

कुंड्यांबाबत सगळ्यांचं मत मातीच्या बाजूनं असतं. कुंभाराची कुंडी श्वास घेते, मुळं कुजत नाहीत, हे खरंच आहे. पण तिच्या अंगातून पाणी सतत उडून जातं, आणि मेमध्ये सकाळी भिजवलेली कुंडी संध्याकाळी ठणठणीत कोरडी असते. प्लास्टिक पाणी धरतं, मात्र पातळ प्लास्टिक इथल्या उन्हात एक-दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन हातात तुटतं. काळं असेल तर मुळं तापतात, ते वेगळंच. तेव्हा वाटणी करावी लागते. कढीपत्ता, लिंबू, जास्वंद अशी वर्षानुवर्षं राहणारी झाडं जाड सिमेंटच्या किंवा मोठ्या मातीच्या कुंड्यांत, बाहेरून चुन्याचा हात देऊन. पांढऱ्या रंगानं ऊन परततं आणि माती थोडी थंड राहते. मेथी, कोथिंबीर, चुका यांना 6 ते 8 इंच खोली पुरते, त्यांना पसरट टब. मिरची-वांग्याला 12 इंच तरी हवेत. अळूला खोलीपेक्षा रुंदी आणि ओल जास्त लागते. आणि खास इथलं भांडं म्हणजे पीपा. भिंड-मुरैना हा मोहरीचा पट्टा, त्यामुळे राईच्या तेलाचे 15 किलोचे रिकामे पत्र्याचे डबे गल्लीत सहज मिळतात. खिळा-हातोड्यानं तळाला सहा-सात भोकं पाडली, बाहेरून चुना मारला की टोमॅटोसाठी काही वर्षांची सोय झाली. गंजून फुटला की भंगारवाला नेतो.

तळाशी खडीचा थर द्यावा असं जवळजवळ प्रत्येकजण सांगतो. मी देत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत लगेच उतरत नाही. माती पूर्ण भिजेपर्यंत ते खडीच्या वरच अडून राहतं. म्हणजे खडीनं निचरा वाढत नाही, ओली माती फक्त मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर एक खापर किंवा जाळीचा तुकडा ठेवला की पुरे, तोही माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी.

खरा प्रश्न मातीचा. या भागातली नदीकाठची गाळाची माती शेतात सोन्यासारखी, पण कुंडीत घातली की चार पाण्यांनंतर गच्च बसते, वरून पापुद्रा धरते आणि पाणी कडेनं निघून जातं. तिला मोकळं करणं हेच मोठं काम. त्यासाठी दोन वस्तू लागतात, बांधकामाची मोठी चाळणी आणि लोखंडी घमेलं, ज्याला इथे तसला म्हणतात. आमचं प्रमाण असं: दोन घमेली चाळलेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं हलकं काहीतरी. हलकं म्हणजे कोकोपीट. 5 किलोची वीट भिजली की 60-70 लिटरपर्यंत फुगते, त्यामुळे जिन्यावरून वर न्यायला सोयीची. ती भिजवून, पिळून, एकदा पाणी बदलून घ्यावी, कारण काही विटांत क्षार असतात. डबऱ्याकडे भात पिकतो, तिथलं तूस मिळालं तर मी कोकोपीट अर्धंच घेते. रेती घालायची झाली तर थोडी, कारण रेतीनं वजन वाढतं. चंबळची रेती मात्र कुणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नये. ते अभयारण्य आहे आणि त्या वाळूत घडियाल अंडी घालतात. माती तपासून घ्यायची असेल तर 2008 साली स्थापन झालेलं राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय शहरातच आहे.

माती विकत घ्यावीच लागते असंही नाही. श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’तून घडलेले दीपक सचदे याच मध्य प्रदेशात, देवास जिल्ह्यातल्या बजवाड्याला, पाचोळ्यापासून ‘अमृत माती’ तयार करत. त्याचं पहिलं पाऊल अमृत जल: 10 लिटर पाण्यात 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस रोज ढवळायचं, मग दहापट पाणी घालून त्यात सुका पाचोळा भिजवायचा आणि मातीच्या पातळ थरांसह रचायचा. लश्करमध्ये शेण-गोमूत्र मिळवणं अवघड नाही, गाई गल्लीतच असतात. पाचोळा रस्त्यावरच्या कडुनिंबांचा. या कामाला एक झाकणाचा ड्रम आणि एक काठी एवढंच भांडवल. झाकण हवंच. दाटीच्या वस्तीत वासावरून तक्रार यायला वेळ लागत नाही.

हातात धरायच्या वस्तू म्हणाल तर तीनच. खुरपं, छाटणीची कात्री आणि झारी. रंगीत मुठींचा, पाच नगांचा सेट भेट म्हणून आला होता. ओली गच्च माती उकरताना त्यातल्या करणीची मान वाकली. रस्त्याकडेला गाडीसकट मुक्काम करणाऱ्या गाडिया लोहारांकडून घेतलेली खुरपी अजून धारदार आहे. ट्रकच्या कमानीच्या पट्ट्यापासून ती ठोकतात आणि आपल्या हाताच्या बेतानं मूठ बसवून देतात. लोहार म्हणाला होता, “गीली मत छोड़ना, बाकी मेरी गारंटी.” म्हणून काम झालं की पुसायची आणि पात्याला राईच्या तेलाचं बोट लावायचं. कात्री घेताना दोन पाती एकमेकांवरून सरकणारी घ्यावी, ती देठ चिरडत नाही. रोगट फांदी कापली की पाती स्पिरिटनं पुसावीत, नाहीतर रोग पुढच्या झाडावर आपणच नेतो. ओल मोजायच्या यंत्राची गरज नाही. दोन पेरं बोट मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी द्या.

पाण्याची गोष्ट जरा मोठी आहे. माहेरी खडकवासल्याचं पाणी प्यायले, इथे तिघऱ्याचं पिते. सांक नदीवरचं हे धरण 1916 सालचं. विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे आधी खडकवासल्याला बसले आणि मग तिघऱ्याला, हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं होतं. पण नळ ठरलेल्या वेळीच येतो आणि उन्हाळ्यात त्याचा भरवसा धरता येत नाही. त्यामुळे 200 लिटरचा झाकणाचा ड्रम हे बागेचंच सामान. उघडा ठेवला तर डेंग्यूच्या डासांचं पाळणाघर होतं. आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यानं मातीच्या कुंड्यांवर पांढरी साय चढते, म्हणून ते नाइलाज झाला तरच. पाइप लावून पाणी दिलं की माती उसळून मुळं उघडी पडतात. बारीक भोकांची झारी, जिला इथे हजारा म्हणतात, तीच बरी. पाणी सकाळी ऊन चढण्याआधी द्यायचं. गावाला जायचं असेल तर मोठ्या कुंडीत न रंगवलेलं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्यानं भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. मडक्यातून पाणी हळूहळू पाझरतं आणि मुळं ते शोधत येतात. मातीवर गव्हाच्या भुशाचा दोन इंच थर दिला की पाणी आणखी टिकतं. उन्हाळ्यात कुंडीखाली ताटली चालते, पण जुलैत ती काढलीच पाहिजे.

तरीही मे महिन्याला फक्त पाणी पुरत नाही, तिथे हिरवी जाळी लागते. 50 टक्के सावलीची घ्यावी. 75 टक्क्यांच्या जाळीखाली मिरचीला फूल धरत नाही. खांबांना बांधताना एक बाजू अशी बांधायची की एका ओढीत सुटेल, कारण इथली धुळीची आंधी पंधरा मिनिटांत येते आणि ताणलेली जाळी खांबांसकट उचलते. जाळी नसेल तर जिन्याच्या खोलीच्या पूर्वेला कुंड्या सरकवाव्यात, दुपारनंतर तिथे सावली येते. थंडीत उलटं काम. पाला पडायची, म्हणजे दंव गोठायची, शक्यता दिसली की सासूबाई जुनी सुती नऊवारी बाहेर काढतात. रात्री झाकायची, सकाळी ऊन आलं की काढायची. तुळस त्यामुळेच तगते. “मला शाल आणि तिला नऊवारी,” असं त्या दरवर्षी म्हणतात.

खताला या मुलखात मोहरीची पेंड. 100 ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात चार-पाच दिवस भिजवायची, मग दहापट पाणी मिसळून द्यायची. नत्र भरपूर असल्यानं पालेभाज्या तरारतात. पण कडक उन्हाळ्यात ती बंद ठेवावी, तापलेल्या मुळांना तिचा जोर सोसत नाही. पिठ्या ढेकणासाठी एक लिटरची फवारणी-बाटली. लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन थेंब, तेही संध्याकाळीच. उन्हात तेल मारलं तर पानं करपतात. माकडं येत असतील तर फवारा कामाचा नाही, पिंजऱ्याची जाळीच लागते.

एवढ्या सामानातून काय मिळतं? ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत चुका, मेथी, कोथिंबीर, मुळा घरचा. पावसाळ्यात अळू इतका येतो की शेजारच्या काकूंकडे वड्या जातात. गणपतीला दूर्वा छतावरूनच खुडतो. भाजीचा खर्च यानं फार कमी होत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवात करणाऱ्यांना एवढंच सांगेन की बाजारात जाण्याआधी मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी आपल्या छतावर दहा मिनिटं उभं राहा. ऊन कुठून येतं, वारा कुठून घुसतो, भिंती कुठे आहेत हे पाहून घ्या. मग ऑक्टोबरात खुरपं, झारी, चाळणी आणि चार कुंड्या घेऊन कामाला लागा, बाकीचं जसं अडेल तसं घ्या. हिरवी जाळी मात्र मार्चमध्येच आणून ठेवा. पहिली लू सुटल्यावर ती बांधायला घेतलीत तर तोवर रोपं वाळलेली असतात.