निवळी आणि कोळसा

निवळीच्या झाडाची बी माठाच्या आतल्या अंगाला उगाळावी आणि त्यात गढूळ पाणी भरून ठेवावे. काही वेळाने गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी निवळते. संस्कृतातील कतक ती हीच. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात तिचा दाखला आहे: पाणी स्वच्छ करणे हा तिचा गुण खरा, पण नुसत्या नामोच्चाराने पाणी स्वच्छ होत नाही. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘आत्मबोधा’ने दृष्टान्त पुढे नेला. कतकाचे चूर्ण मळ घालवून स्वतःही लोपते, तसेच ज्ञानाचेही होते.

गढूळपणा मातीचा असेल, तर हा दृष्टान्त पटतो. कारण गाळ अंगणात ओतला की माती मातीला मिळते. धातूचे तसे नाही. कानपूरच्या जाजमऊ भागात गंगेकाठी क्रोमियमच्या क्षारांनी कातडी कमावली जातात. या पद्धतीत कातडे साधारणपणे 60 ते 70 टक्के क्रोमियम धरून ठेवते. उरलेले सांडपाण्याबरोबर जाते. प्राथमिक शुद्धीकरणाची सोय नसलेले तेथील कारखाने बंद ठेवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये दिला. क्रोमियमचे षट्संयुजी रूप विशेष विषारी असते, आणि ते पाण्यात पूर्ण विरघळते. जे गढूळच नाही, ते निवळी काय निवळणार?

तेथे अधिशोषण उपयोगी पडते. शोषणात पदार्थ आत मुरतो. अधिशोषणात तो पृष्ठभागाला धरून राहतो. नारळाच्या करवंटीच्या सक्रियित कोळशात सूक्ष्म रंध्रे इतकी असतात की, एका ग्रॅमचे पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरू शकते. पाणी आम्लधर्मी केले की कोळशाच्या पृष्ठभागावर धन भार येतो आणि क्रोमियमचे ऋणभारित आयन त्याला चिकटतात. परंतु या जागा मोजक्याच असतात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लँगम्यूर यांनी 1918 मध्ये ही मर्यादा समीकरणात मांडली. जागा भरल्या की कोळशाचे काम थांबते.

मग त्या कोळशाचे काय करायचे? अल्कलीने धुतला, तर धातू पुन्हा पाण्यात उतरतो, आणि तोही अधिक तीव्र होऊन. जाळला, तर कोळसा जातो, क्रोमियम राहते. मूलद्रव्याला जाळून संपवता येत नाही. ते परत वापरात आणावे लागते, नाही तर झिरपणार नाही अशा खड्ड्यात बंदिस्त करून त्यावर दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते. कानपूर देहातमधील रनिया येथे याची हेळसांड दिसली. तेथला कचरा कोळशाचा नव्हता, क्रोमियमची रसायने बनविण्यातून उरलेला होता; पण 1976 पासून तो उघड्यावर पडून राहिला आणि त्यातले क्रोमियम भूजलात उतरले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 मध्ये त्याची कठोर दखल घेतली, तोवर चार दशके उलटून गेली होती.

कतकाचा दृष्टान्त येथे अपुरा पडतो. मळ घेणारा कोळसा लोपत नाही. मळ पोटात धरून तो कोठेतरी पडून असतो. दुसऱ्यांची घाण उपसणाऱ्या माणसांनाही आपल्या समाजाने असेच वेशीबाहेर ठेवले होते. म्हणून स्वच्छ पाण्याचा पेला हाती घेताना, त्यातला मळ कोणाच्या हवाली केला आहे, एवढे तरी विचारले पाहिजे.