पेन्सिलीतलं तेवढं

सांगलीत पावसाळ्यात नदीचं बोलणं फुटांत चालतं. आयर्विन पुलाजवळ ४० फूट झाले की इशारा, ४५ झाले की धोका. त्यापुढे कोणी खुशाली विचारत नाही, नुसतं ‘किती झालं?’ २००५च्या पुरात पाणी आमच्या भिंतीवर जिथवर चढलं होतं, तिथे बाबांनी कोळशानं रेघ मारून ठेवली होती. ऑगस्ट २०१९मध्ये मी त्या रेघेवर विसंबलो. वह्या तिच्या हातभर वरच्या फळीवर ठेवल्या आणि आईला घेऊन विश्रामबागला मावशीकडे गेलो. पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं.

परत आलो तेव्हा वह्या होत्या तिथेच होत्या, फुगून एकमेकींना चिकटलेल्या. सहा वर्षं लिहीत असलेली कादंबरी, शाईच्या पेनानं लिहिलेली. आईनं ओला पापड सोडवावा तसं एकेक पान सुटं केलं आणि दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लावलं. उजेडात पाहिलं तर मजकूर नव्हता. पानापानावर फिकट निळं आभाळ, कडेला गाळाची तपकिरी किनार.

आणि समासात पेन्सिल. ती विरघळत नाही. ठाम वाटेल ते शाईनं लिहायचं आणि रात्री वाचताना येईल ती शंका समासात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, ही माझी जुनी सवय. ‘हे खरं आहे का?’ ‘शब्द मोठा झाला.’ ‘ती इथं रडणार नाही. भांडी घासेल.’ जे ठामपणे लिहिलं ते कृष्णेनं नेलं, माझं चाचपडणं तेवढं मागे ठेवलं.

त्या दिवसांत तुकोबा फार आठवले. इंद्रायणीत वह्या बुडाल्या, ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या, असं परंपरा सांगते. देहूच्या देवळात त्यांच्या हातची म्हणून ‘भिजकी वही’ जपली आहे. लहानपणी मला त्या गोष्टीतलं वर येणं आवडायचं. आता जीव अडकतो तो त्या तेरा दिवसांत. वही हाताशी नाही. मनात मात्र ओळी येत-जात असणार, एखादी होती तशी, एखादी वेगळाच शब्द घेऊन. मूळची कोणती, हे पडताळायला कागद नाही. लिहिणारा आपल्या लिहिण्याच्या इतका जवळ एरवी कधी जात असेल, असं मला वाटत नाही. लिहिलेलं समोर असलं की आपण ते राखत बसतो.

माझ्या ज्या वाक्यांवर मी खूष होतो, ती आधी विसरली. काही केल्या आठवेनात. त्यांच्याबद्दल खूप वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दोन दिवस मी त्या दोरीखालून नुसता ये-जा करत होतो.

तिसऱ्या दिवशी आई वाळलेली पानं काढायला लागली. ‘ही कोरीच आहेत रे, रद्दीत घालू?’ म्हणाली, आणि एक पान डोळ्यांजवळ नेऊन थांबली. चष्मा पुरात गेला होता. बराच वेळ ती अक्षरं लावत राहिली.

‘कोण भांडी घासेल?’

मी सांगायला लागलो. ती चिमटे ओच्यात घेऊन ओल्या भिंतीपासून जरा लांब, पाटावर बसली.