वेलांटी कुठे सांडली?

मागच्या महिन्यात शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांना प्रमाणपत्रं वाटली गेली आणि त्यांवरची नावं वेडीवाकडी छापली गेली होती, हे एव्हाना सर्वांना ठाऊक झालेलं आहे. ती कुणी छापली हे मात्र बाईंनी मोठ्या मनाने कुणाला सांगितलं नाही. ती आम्ही छापली. (आम्ही म्हणजे एकटेच. सौ.ने या प्रकरणातून पहिल्या दिवशीच अंग काढून घेतलं होतं.) तेव्हा हा लेख खुलासाही समजावा आणि माफीनामाही. संपादिकाबाई म्हणाल्या, "दोन पानं देते, पण कॉम्प्युटरचं फार नको." प्रयत्न करतो.

काम साधं होतं. चौसष्ट मुलं, चौसष्ट प्रमाणपत्रं. वर आंब्याच्या पानांचं तोरण, मध्ये नाव, खाली बाईंच्या सहीसाठी रेघ. सौ. म्हणाली, "वर्डमध्ये मेल मर्ज करा, अर्ध्या तासात होईल." इंजिनिअर माणसाला असलं काही सांगू नये. आम्ही पायथन या भाषेत चाळीसएक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. नावांची यादी वाचायची आणि पिलो नावाच्या लायब्ररीला सांगायचं की या चित्रावर या जागी हे नाव लिही. घरच्या लिनक्सच्या मशिनवर नावं अशी सुबक उमटली की आम्ही सौ.ला मुद्दाम बोलावून दाखवली.

शनिवारी संध्याकाळी तोच प्रोग्रॅम शाळेच्या विंडोज लॅपटॉपवर चढवला. पायथन टाकलं, पिलो टाकलं, प्रोग्रॅम चालवला. तक्रार नाही, एरर नाही. चौसष्ट फायली तयार! त्यातली एकही उघडून न बघता आम्ही त्या पेनड्राइव्हवर घेतल्या, रविवारी सकाळी कॉपीच्या दुकानातून जाड कागदावर छापून आणल्या आणि समारंभाला पाच मिनिटं असताना बाईंच्या हातात गठ्ठा दिला. घाईत कुणीच वाचलं नाही. वाचलं ते साताऱ्याहून आलेल्या एका आजींनी. त्या निवृत्त शिक्षिका. नातवाचं प्रमाणपत्र हातभर लांब धरून म्हणाल्या, "अहो, हे 'प्रमाणपत्र'सुद्धा नीट नाही की!"

खरंच नव्हतं. 'प'चा पाय मोडून 'र' शेजारी सुटा उभा होता, 'त्र'चंही तेच. रफार डोक्यावरून उतरून जमिनीवर आले होते. सगळ्यात वाईट दशा पहिल्या वेलांटीची. ती अक्षराच्या डावीकडे पडायची, ती सगळीकडे उजवीकडे पडली होती आणि पुढच्या अक्षराला जाऊन चिकटली होती. 'कविता'तली 'व'ची वेलांटी 'ता'ने पळवलेली.

एवढ्यावर भागलं असतं तर दोन दिवस तोंड लपवून विषय मिटला असता. पण आमची कन्या सात वर्षांची, पहिल्या गटात आहे आणि तिच्या नावाची सुरुवातच 'नि'ने होते. पहिली वेलांटी बाईंनी नुकतीच शिकवली होती. बोलताना आधी 'न' येतो, तरी लिहिताना वेलांटी आधी, हे काही केल्या तिला पटत नव्हतं आणि मोठ्या कष्टाने ती ते गिरवत होती. मंगळवारी पाहतो तर वहीत वेलांटी 'न'च्या मागे. एकदा नाही, पानभर. आम्ही म्हटलं, "अगं, असं नाही." ती प्रमाणपत्र घेऊन आली. सोनेरी चौकट, बाईंची सही, शाळेचा शिक्का. "बाबा, इथे असंच आहे. मीच चुकीचं लिहीत होते."

आता यावर काय बोलायचं? त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही लॅपटॉप उघडून बसलो.

इथे थोडं कॉम्प्युटरचं येणार, संपादिकाबाई, इलाज नाही. पायथन ही मोठी सुटसुटीत भाषा आहे, पण हळू. म्हणून जिथे कष्टाचं काम असतं, चित्रं रंगवणं, मोठाले आकडे गुणणं, तिथे ते काम सी किंवा तसल्या भाषेत लिहून, कंपाइल करून ठेवलेलं असतं आणि पायथन फक्त हुकूम सोडते. गोम इथेच आहे. पायथनच्या ओळी कुठेही नेल्या तरी चालतात. कंपाइल केलेला भाग मात्र त्या त्या मशिनसाठीच असतो. आपल्यापैकी अनेकांनी भारतातून मिक्सर आणलेला आहे. तिकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, इथे अमेरिकेत १२० आणि ६०. मिक्सर उत्तमच आहे, भिंत वेगळी आहे. अॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःच्या एम-वन चिपची मशिनं आणली तेव्हा जुने इंटेलचे प्रोग्रॅम चालावेत म्हणून सोबत रोझेटा नावाचा ट्रान्सफॉर्मरच दिला होता.

पूर्वी अशी लायब्ररी यायची ती कच्च्या शिध्याच्या रूपात. डाळ-तांदूळ पाठवले आहेत, चूल तुमची, शिजवा. ज्यांच्याकडे कंपाइलर नाही ते उपाशी. विंडोजवाल्यांचे तर विशेष हाल होते. सायपाय ही शास्त्रीय गणिताची नावाजलेली लायब्ररी, तिचा विंडोजसाठी अधिकृत तयार डबा २०१७ साली, १.० आवृत्तीबरोबर प्रथम मिळाला. हा तयार डबा म्हणजे व्हील. २०१२ साली मांडलेली ही पद्धत आता सगळीकडे रुळली आहे. व्हील म्हणजे गाडीचं चाक नव्हे, चीजचं चाक! पायथनच्या लायब्रऱ्या जिथे ठेवतात त्या भांडाराला गमतीने 'चीज शॉप' म्हणत, मॉंटी पायथन या विनोदी मंडळींच्या एका प्रवेशावरून. भाषेचं नावही त्यांच्यावरूनच पडलं, सापावरून नाही. आम्ही नोकरीत हेच करतो. डबे भरतो. दुसऱ्यांच्या सीमधल्या लायब्रऱ्या घ्यायच्या, प्रत्येक जातीच्या मशिनसाठी शिजवायच्या आणि डब्याच्या नावातच लिहायचं, कुठल्या पायथनसाठी, कुठल्या सिस्टिमसाठी, कुठल्या प्रोसेसरसाठी.

डबा भरणं हे डोक्याचं काम आहे. आमची आई एस.टी.ने निघताना डबा भरायची तेव्हा तिची मनात एक यादी असे, काय तिकडे मिळेलच आणि काय बरोबर घ्यायलाच हवं. पाणी मिळेल. मीठ मिळेल. लोणचं घ्यायचं, चमचा घ्यायचा. लिनक्सच्या डब्यांसाठी अशी यादी २०१६ साली रीतसर लिहून काढली गेली, तिचं नाव मेनीलिनक्स. या या थोड्या लायब्रऱ्या प्रत्येक घरी असतीलच असं धरा, बाकी सगळं डब्यात घाला. आणि डबा शिजवायचा तो मुद्दाम जुनाट सिस्टिमवर. तेव्हा २००७ सालची सेंटओएस ५ घेतली होती, कारण जुन्यावर शिजवलेलं नव्यावर चालतं, नव्यावर शिजवलेलं जुन्यावर नाही. पुढे सेंटओएस ७ आली, तिचीही मुदत ३० जून २०२४ ला संपली आणि आमच्या ऑफिसात आठवडाभर तेच रामायण चाललं होतं. डबा भरून झाला की ऑडिटव्हील नावाचं एक हत्यार तो तपासतं, काय राहिलं ते शोधून आत ठेवतं आणि दोन डब्यांतल्या एकाच नावाच्या लायब्रऱ्यांची गल्लत नको म्हणून त्यांच्या नावाला शेपूट जोडतं. अगदी हॉस्टेलवर स्टीलच्या ताटांवर नाव कोरून घेत तसंच.

तर असा डबे भरण्यात मुरलेला माणूस, आणि स्वतःच्या लेकीचा डबा उघडून बघितला नाही!

त्या रात्री आम्ही पिलोला एका ओळीत विचारलं, तुझ्याकडे रक्म आहे का? उत्तर आलं, नाही. घरच्या लिनक्सला विचारलं. आहे.

रक्म ही अक्षरं मांडणारी लायब्ररी. वेलांटी डावीकडे नेणं, जोडाक्षर जोडणं, रफार वर चढवणं, हे तिच्या हाताखालच्या दोन लायब्रऱ्यांच्या भरवशावर चालतं. एक हार्फबझ. हर्फ म्हणजे अक्षर, फारसीतला शब्द. आपल्या लिपीचं खरं काम हीच करते. दुसरी फ्रिबिडी. अरबी, हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यांची दिशा ती ठरवते. पिलोच्या व्हीलमध्ये २०२१ च्या ८.२ आवृत्तीपासून रक्म आत असते, हार्फबझ आत असते, पण फ्रिबिडी नसते. तिचा परवाना वेगळ्या अटींचा आहे, म्हणून ती डब्यात घालत नाहीत. 'तिकडे मिळाली तर घ्या' असं ठेवलेलं आहे. आमच्या लिनक्सवर ती इतर कामासाठी आधीपासून होतीच. शाळेच्या विंडोजवर नव्हती. आणि ती नाही म्हटल्यावर रक्म अख्खी बंद. म्हणजे मराठीला जिची काही गरज नाही अशी उजवीकडून डावीकडची बाई घरी नव्हती, म्हणून आमच्या मुलांच्या वेलांट्या सांडल्या. (रक्म हाही अरबी शब्द. आपली 'रक्कम' तिकडूनच आलेली.)

परवान्याचं आम्हाला समजतं, त्यांचा नाइलाज आहे. आमची तक्रार वेगळी आहे. बोलायचं तरी! रक्म नाही म्हणताच पिलोने मुकाट्याने साध्या पद्धतीने अक्षरं एकापुढे एक ठेवून दिली. इंग्रजी असतं तर कुणाला कळलंही नसतं.

कराडला इंजिनिअरिंगला असताना आम्ही टर्बो सीमध्ये एक घड्याळ केलं होतं, काटे फिरणारं. फ्लॉपीवर घेऊन परीक्षकांच्या मशिनवर चालवलं तर काळा पडदा आणि एक ओळ, 'बीजीआय एरर, ग्राफिक्स नॉट इनिशिअलाइज्ड'. चित्र काढणारी छोटीशी बीजीआय फाईल आमच्या मशिनवर होती, फ्लॉपीवर घ्यायची राहिली होती. सगळ्यांसमोर शोभा झाली, मार्क गेले. पण निदान त्याने तोंडावर सांगितलं. पुढे एका सीनियरने ती फाईल प्रोग्रॅमच्या पोटातच बांधून टाकायची युक्ती शिकवली. पंचवीस वर्षं तेच करून पोट भरतो आहोत.

आता फ्रिबिडी आणायची कुठून? कुठल्याशा साईटवरून उतरवून शाळेच्या लॅपटॉपवर टाकायला जीव होईना, त्यावर मुलांचे पत्ते, फोन नंबर आहेत. म्हणून स्वतःच शिजवली. एवढीशी फाईल, तिच्यासाठी कित्येक गिगाबाइटची हत्यारं उतरवावी लागली. पहिल्यांदा झोपेत ३२ बिटची तयार केली, ६४ बिटच्या पायथनने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि अर्थातच मुकाट्याने. दोन वाजता बरोबर जमली. पायथनच्या शेजारी ठेवली, विचारलं, रक्म आहे का? आहे. मग प्रोग्रॅमला पहिलीच ओळ घातली की रक्म नसेल तर एक अक्षर छापू नकोस, ओरड. आणि चौसष्टच्या चौसष्ट फायली उघडून वाचल्या, एकेक नाव मोठ्याने. सौ. उठून आली. तिला वाटलं आम्ही हजेरी घेतो आहोत.

पुढच्या रविवारी नवी प्रमाणपत्रं वाटली. बाईंनी जुनी परत घेतली नाहीत, उलट दोन्ही शेजारी ठेवून चुका शोधायला लावल्या. मोठ्या गटाला एकोणीस सापडल्या. साताऱ्याच्या आजींना तेवीस.

कन्या मात्र ऐकेना. "बाबा, आपण 'न' आधी बोलतो, तर वेलांटी आधी का?" आम्ही तिला जवळ घेऊन खरं ते सांगितलं की कॉम्प्युटरच्या पोटात आधी 'न'च असतो आणि वेलांटी नंतर, तू बोलतेस त्याच क्रमाने. फक्त कागदावर काढताना ती उचलून पुढे ठेवायची आणि ते काम त्या दिवशी कुणी केलंच नाही.

तिचे डोळे चमकले. "म्हणजे माझंच बरोबर होतं!"

रविवारी हे तिने वर्गात सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, हसल्या आणि लाल पेनाने वहीतली पानभर वेलांटी एकेक करून डावीकडे नेली. खाली शेरा आहे, 'पालकांनी घरी सराव करून घ्यावा'.