मोकळीक

सुटी आणि सवड हे दोन शब्द आम्हां प्राध्यापकांच्या बाबतीत एकाच अर्थाचे आहेत, असा पुष्कळांचा समज असतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सुट्या तांबड्या शाईने छापलेल्या असतात. सवड मात्र कोणत्याच शाईने छापलेली नसते. दिवाळीची सुटी आली की तिच्यामागोमाग उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात. उन्हाळ्याची आली की सोलापूरचे ऊन घराबाहेर पाऊल टाकू देत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक आणि ती पाहावयास चार गावांहून येणारी पाहुणे मंडळी. या सर्वांतून वाट काढून बदामीस जावे, दोन रात्री राहावे आणि परत यावे, एवढाच आम्हां उभयतांचा बेत आहे. आणि गेली दोन वर्षे तो बेतच राहिला आहे.

बदामी म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हे. सोलापूरहून गदगकडे जाणाऱ्या गाडीत बसावे, विजापूर (२०१४ पासून ज्याला विजयपुरा म्हणतात ते) मागे टाकावे, बागलकोट ओलांडावे, की बदामी आलीच. अडचण अंतराची नाही, घराची आहे. आमच्या मातोश्रींचे वय ८४ वर्षांचे आहे. दिवसातून तीन वेळा औषध, दोन वेळा डोळ्यांत थेंब, आणि रात्री हाक आली की उठणे, हे काम परक्या माणसाच्या हाती सोपविता येत नाही. कारण परक्याच्या हातचे औषध ती घेतच नाही. पुण्याची बहीण येऊन राहिली तर आमची सुटका होते. परंतु तिलाही घर आहे, नोकरी आहे, आणि तिच्या सासूबाईही वयाने लहान नाहीत. असा चार घरांचा मेळ बसला म्हणजे दोन रात्री मिळावयाच्या! मागल्या वर्षी तो बसला होता. पण निघण्याच्या आदल्या दिवशी आईला ताप आला, आणि बांधलेले सामान आम्ही मुकाट्याने सोडले.

बदामीचाच हट्ट का, असे वाचक विचारतील. १९९३ साली, लग्नाला वर्ष झाले नव्हते तेव्हा, आम्ही उभयता प्रथम तेथे गेलो होतो. तो लोहमार्ग त्या वेळी मीटर गेजचा होता. गाडी लहान, डबे लहान आणि घाई मुळीच नाही. मांडीवर कडक भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन, खिडकीतून ज्वारीची शेते पाहत आम्ही गेलो. चालुक्यांच्या त्या राजधानीत तांबड्या डोंगराच्या अंगात चार लेणी कोरलेली आहेत. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८ मधील कोरीव लेख आहे. एवढी नि:संदिग्ध तारीख सांगणारी लेणी या देशात फार थोडी, म्हणून इतिहासज्ञांना तिचे मोल वाटते. आम्हीही ते सर्व वहीत टिपून आणले होते.

पुढे ती वही कोठे गेली कोण जाणे. तारखा पुस्तकांत सापडतात, त्यामुळे त्यांचे दु:ख नाही. स्मरणात राहिले आहे ते निराळेच. लेण्यांच्या पायथ्याशी अगस्त्य तलाव आहे. सकाळी त्याच्या पायऱ्यांवर बायका धुणे धूत होत्या आणि त्या आपटण्याचा आवाज समोरच्या कड्यावर आदळून परत येत होता. धोपटणे वर गेले की मागल्या धोपटण्याचा आवाज कानी येई. सौ. कितीतरी वेळ ते ऐकत एका खांबाशी टेकून बसल्या होत्या, आणि त्यांच्या हातचे केळे एका वानराने अलगद उचलून नेले होते. बत्तीस वर्षांच्या संसारात त्या वानराचा उल्लेख आमच्या घरी निदान शंभर वेळा झाला असेल.

त्या प्रवासाची आठवण निघाली की आम्ही म्हणत असू, ‘काय मोकळे होतो तेव्हा!’ अलीकडे या वाक्यापाशी आम्ही अडखळू लागलो आहो. आम्ही मोकळे होतो हे खरे. पण कोणाच्या जिवावर? त्या वेळी आमच्या आजी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. वडिलांची नोकरी फिरतीची. आजींचे करणे-सवरणे, बहिणीची शाळा, दाराशी येणारे-जाणारे, हे सारे आईच पाहत होती. आम्ही निघालो तेव्हा तिने चटणीचा डबा पिशवीत घातला आणि दारात उभी राहिली. तिचे वय तेव्हा ५२ होते. आज आमचे ५६ आहे. त्या वयापर्यंत पंढरपूरपलीकडे ती स्वत:च्या हौसेने कोठे गेल्याचे आम्हांस ठाऊक नाही. ज्याला आम्ही आपली मोकळीक म्हणत होतो, ती तिच्या घरी राहण्यातून कापून दिलेली होती.

मोकळे होणे हा शब्दच मोठा विलक्षण आहे. आमचे एक स्नेही वडिलांच्या आजारपणामुळे अकरा वर्षे गावाबाहेर पडले नव्हते. वडील वारले, वर्षश्राद्ध झाले. लोक म्हणाले, आता तुम्ही मोकळे. गृहस्थ हिमालयात जाऊन आले, दक्षिणेत जाऊन आले. एकदा सहज म्हणाले, ‘घरी आलो आणि कुलूप मीच उघडले.’ पुढे त्यांनी काही सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. परंतु तेव्हापासून ‘मोकळे झालो की जाऊ’ हे वाक्य आमच्या घरात सौ.नी बंद केले आहे. कारण त्याचा सरळ अर्थ काय होतो, हे आम्हां दोघांनाही कळते. सवडीची इच्छा आणि माणूस जाण्याची वाट पाहणे यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. तो फाटू न देणे हे घरात राहणाऱ्याचे खरे काम.

आमच्या मराठीतले एक थोर प्रवासवर्णनही घरच्या अडचणीतूनच निपजले आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेस निघाले ते देश पाहावयास नव्हे. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल, असे कानी आले होते. वाटेत बंडाचा वणवा लागला. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. पण घराची आठवण त्यांनी सोडली नाही. परतताना या भिक्षुकाच्या खांद्यावर आईबापांसाठी गंगोदकाची कावड होती. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला, तेव्हापासून लोक तो बंडाच्या हकिकतीसाठी वाचतात. आम्हांला हल्ली ती कावड अधिक दिसते.

आमची कन्या बंगळूरला असते. सुटी मिळाली की पाठीवर पिशवी टाकून ती कधी स्पितीला, कधी मेघालयात जाते, आणि आजीला तेथून छायाचित्रे पाठविते. ‘तुम्ही कुठेच कसे जात नाही?’ असे तिने परवा विचारले. उत्तर देणे सोपे होते. आम्ही दिले नाही. ते तिला तिच्या वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी आपोआप मिळेल, आणि तोवर तिने मोकळेपणाने हिंडावे हेच बरे.

यंदा पुन्हा मेळ जमविला आहे. मार्गशीर्षातले चार दिवस बहीण येणार आहे. औषधांचे वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून झाले. लेण्यांच्या पायऱ्या आमच्या गुडघ्यांना १९९३ इतक्या सोप्या वाटणार नाहीत, म्हणून सौ. रोज संध्याकाळी आम्हांला जिना चढावयास लावीत आहेत. आईला बेत सांगितला तेव्हा ती काही वेळ गप्प राहिली. मग तिने कपाटातून हिरवा खण काढावयास लावला. बदामीपासून जवळच बनशंकरीचे देऊळ आहे, आणि ती आमची कुलस्वामिनी. ‘माझ्या नावाने ओटी भर,’ ती सौ.ना म्हणाली, ‘आणि कुंकू आण.’ तेव्हापासून हा प्रवास आमचा एकट्यांचा राहिला नाही. रोज सकाळी औषध घेताना ती किती दिवस उरले ते विचारते.

बहीण आली आणि आईचे बरे असले तर जाऊ. न जमले तर खण पुन्हा कपाटात ठेवू आणि माघात पाहू. त्यानंतर तिकडचे खडक तापू लागतात.